ग्रामर स्कूलच्या अपीलसाठी घेतलेली सल्लासेवा: कुठे उपयोग झाला, कुठे नाही

इंग्लंडमध्ये इलेव्हन प्लसचा, म्हणजे ग्रामर स्कूल या निवडक सरकारी शाळांच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल मनासारखा लागला नाही की ओळखीतलं कुणी ना कुणी सांगतंच, ‘अपील करा, अमुक एक बाई आहेत, त्या सगळं करून देतात.’ आम्हालाही सांगितलं. आम्ही ती सेवा घेतली, साडेतीनशे पौंड भरले आणि सुनावणीपर्यंत वापरली. त्याबद्दल सविस्तर लिहिते आहे, कारण घेण्याआधी मला असं काही वाचायला हवं होतं आणि मराठीत कुठेच मिळालं नाही. बाईंचं नाव देत नाही. मी आणखी दोन-तीन ठिकाणी चौकशी केली होती, तिथेही पॅकेज थोड्याफार फरकानं हेच होतं: फोनवर तासभर बोलणं, कागदपत्रं तपासणं, अपीलचं पत्र लिहून देणं आणि सराव सुनावणी. प्रत्यक्ष सुनावणीला सोबत यायचं असेल तर पैसे वेगळे.

पाचपैकी तीन तारे. त्यातले जवळजवळ सगळे सराव सुनावणीचे.

आमची परिस्थिती सांगते, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. आम्ही स्लाऊमध्ये राहतो. इथल्या चारही ग्रामर शाळांची प्रवेश परीक्षा एकच असते आणि पात्र ठरायला १११ गुण लागतात. हे कच्चे गुण नसतात, मुलाचं वय धरून काढलेले प्रमाणित गुण असतात. आमच्या लेकीला १०९ आले. परीक्षेच्या दिवशी तब्येत ठणठणीत होती, हॉलमध्ये काही गोंधळ झाला नव्हता, पेपर वेळेत पूर्ण झाला होता. दोन गुण कमी पडले, एवढंच. अशी केस लढवायला सगळ्यात अवघड, असं बाईंनी पहिल्याच फोनवर सांगितलं. तो प्रामाणिकपणा मला आवडला.

त्याच फोनवर त्यांनी आणखी एक कामाची गोष्ट सांगितली. ती ऑक्टोबरातच कळायला हवी, मार्चमध्ये कळून उपयोग नाही. अपीलचा हक्क मिळतो तो शाळेनं प्रवेश नाकारल्यावर. आणि नाकारायला आधी अर्ज हवा. निकाल कमी आला म्हणून ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायच्या शाळांच्या पसंतीच्या फॉर्मवर तुम्ही त्या ग्रामर स्कूलचं नावच घातलं नाही, तर १ मार्चला, कुठली शाळा मिळाली ते कळतं तेव्हा, ती शाळा तुम्हाला नाकारणार कशी? मग अपील कशाविरुद्ध करणार? आम्ही नाव घातलं होतं, पण आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबानं ‘पास झाली नाही, तर उगाच एक पसंती कशाला वाया घालवा’ म्हणून घातलं नव्हतं. त्यांची वाट तिथेच बंद झाली.

आता पत्राबद्दल. या सेवेची जाहिरात पत्रावर चालते आणि सगळ्यात कमी उपयोगी काय असेल तर तेच पत्र. आमच्याकडून त्यांनी एक प्रश्नावली भरून घेतली. ‘परीक्षेआधीच्या वर्षात घरात आजारपण, मृत्यू, स्थलांतर, नोकरी जाणं?’ असा एक प्रश्न होता. मी खरं ते लिहिलं, की उन्हाळ्यात आम्ही पुण्याला गेलो होतो आणि तेव्हा सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मसुदा आला तेव्हा त्या एका ओळीचा पूर्ण परिच्छेद झाला होता. ‘आजीच्या गंभीर शस्त्रक्रियेमुळे मुलीच्या मनावर खोल परिणाम झाला आणि तयारीच्या ऐन काळात तिचं लक्ष विचलित झालं.’ माझी लेक त्या महिन्यात दिवसातून चार वेळा आजीच्या डोळ्यांत थेंब घालायची, वेळा एका वहीत लिहून ठेवायची आणि आजी हलली की तिला दटावायची. इतकी खुशीत मी तिला क्वचित पाहिली आहे. तो महिना तिच्या अपयशाचं कारण म्हणून कागदावर जाणार? मी तो परिच्छेद पूर्ण काढायला लावला. बाई म्हणाल्या, ‘बहुतेक लोक ठेवतात.’ ठेवत असतील. पण आपल्या मुलीबद्दल खोटं लिहिलेला कागद तीन अनोळखी माणसांपुढे ठेवायचा आणि त्यांनी आपल्यावर विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करायची, हे मला जमणारं नव्हतं. शिवाय पॅनेल, म्हणजे अपील ऐकून निर्णय देणारी ही माणसं, अशा गोष्टीचा लेखी पुरावा मागतं, डॉक्टरांचं पत्र, तारखा. मोतीबिंदूच्या डिस्चार्ज कार्डवर ‘गंभीर’ कोण लिहून देणार?

बाकीचं पत्र होतं शाळेच्या कौतुकाचं. उत्तम निकाल, शिस्त, परंपरा, आमची मुलगी तिथे बहरेल. शाळेचं नाव बदललं की दुसऱ्या कुणालाही चालेल असं. आमचा एकमेव ठोस मुद्दा त्यात नव्हताच. नवऱ्याच्या नोकरीमुळे लेक सात वर्षांची होईपर्यंत आम्ही जर्मनीत होतो. ती तिथल्याच शाळेत वाचायला शिकली आणि अजूनही घरात तिची जर्मन पुस्तकं आहेत. आम्हाला मिळालेल्या शाळेत फ्रेंच आणि स्पॅनिश आहे, जर्मन नाही. ग्रामर स्कूलमध्ये आहे. प्रश्नावलीत हे मी सविस्तर लिहिलं होतं. मसुद्यात ‘भाषांची आवड’ एवढेच दोन शब्द उरले होते. शेवटी पत्र मीच लिहिलं, दीड पानाचं.

पत्रात काय हवं हे समजायला बाईंपेक्षा मूळ नियम जास्त उपयोगी पडले. स्कूल ॲडमिशन अपील्स कोड नावाची सरकारी नियमावली आहे. सध्याची १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू आहे, फुकट मिळते आणि वाचायला अवघड नाही. मी ऑडिटमध्ये काम करते, त्यामुळे नियम आधी वाचायची सवय आहे. पण ज्यांना नाही त्यांनीही ग्रामर स्कूलबद्दलचे परिच्छेद तरी वाचावेत. तिथे स्वच्छ लिहिलं आहे की पात्रतेचे गुण न मिळालेल्या मुलाचं अपील मान्य करायचं तर मूल त्या शैक्षणिक दर्जाचं आहे याचा पुरावा पॅनेलला दिसला पाहिजे. उदाहरणं दिली आहेत ती शाळेच्या रिपोर्टची आणि मूल ग्रामर स्कूलच्या क्षमतेचं का वाटतं हे सांगणाऱ्या शाळेच्या पत्राची. पॅनेलनं स्वतःची वेगळी परीक्षा किंवा मोजपट्टी काढायची नाही. आणि एवढ्यानं भागत नाही. शाळेत जागा भरल्या असतील, तर आणखी एक मूल घेतल्यानं शाळेचं जे नुकसान होईल त्यापेक्षा तुमचं कारण जड ठरावं लागतं.

काही भागांत, उदाहरणार्थ बकिंगहॅमशायरमध्ये, अपीलच्या आधी रिव्ह्यू, म्हणजे निकालाच्या फेरविचाराचा, एक टप्पा असतो. तो झाला असेल तर पॅनेलला आधी तो रिव्ह्यू न्याय्य, सगळ्यांना सारखा आणि वस्तुनिष्ठ झाला का एवढंच बघता येतं. तिकडच्या मित्रमंडळींचा सल्ला इकडे जसाच्या तसा वापरू नका, तो खेळच वेगळा आहे.

उत्तरपत्रिका मागवून चूक शोधू, असा विचार आमच्या ह्यांच्या डोक्यात बरेच दिवस होता. तो नाद सोडा. २०१८ च्या डेटा प्रोटेक्शन कायद्यात परीक्षार्थीनं लिहिलेली उत्तरं माहितीच्या हक्कातून वगळलेली आहेत. गुण मिळतात, उत्तरं नाहीत.

बाईंनी सुचवलेली आणखी एक गोष्ट आम्ही नाकारली. खासगी एज्युकेशनल सायकॉलॉजिस्टकडून बुद्ध्यांकाची चाचणी, आणखी कित्येक शेकडा पौंड देऊन. लेकीनं नुकतीच एक परीक्षा दिली होती, त्या निकालानं ती खूप रडली होती. ‘तू खरंच हुशार आहेस का ते बघू’ असं सांगून तिला परत कुणासमोर बसवायला माझं मन तयार नव्हतं. ज्यांच्या मुलाला डिस्लेक्सियासारखी शंका आहे आणि त्याची तपासणी मुलासाठीच हवी आहे, त्यांची गोष्ट निराळी.

खरा पुरावा होता तिच्या प्राथमिक शाळेत, आणि त्याला एक पेनी लागली नाही. हेडटीचरांनी आधीच सांगितलं, की अपीलसाठी पाठिंब्याचं पत्र शाळा कुणालाच देत नाही, माहिती मात्र देईल. बऱ्याच शाळांचं हेच धोरण असतं, त्यात मन खट्टू करून घेऊ नका. काय मागायचं ते नेमकं मागा. मी मागितलं ते असं: तिसरीपासूनचे प्रत्येक टर्मचे प्युमा (गणित) आणि पिरा (वाचन) या शाळेतल्या चाचण्यांचे प्रमाणित गुण, वाचनवय, वर्षाअखेरचे सगळे रिपोर्ट, आणि ‘ग्रेटर डेप्थ’ (अपेक्षित पातळीच्या वर) असा शेरा कोणत्या विषयात, केव्हापासून. तुमची शाळा दुसऱ्या चाचण्या घेत असेल तर त्यांची नावं शिक्षकांना विचारा. कौन्सिलच्या शाळेत असाल तर मुलाची शैक्षणिक नोंद बघण्याचा पालकांचा हक्क २००५ च्या नियमांत आहे आणि शाळेनं ती १५ शालेय दिवसांत द्यायची असते. आमच्यावर तो हक्क सांगायची वेळ आली नाही. ऑफिसमधल्या बाईंनी सगळे कागद एका पिवळ्या फाइलमध्ये घालून हातात दिले. वर वर्गशिक्षिकेची हातानं लिहिलेली चिठ्ठी होती, की गणितात ही मुलगी उत्तर आलं तरी थांबत नाही, दुसरी रीत शोधते.

ती चिठ्ठी मी पुराव्यात पहिल्या पानावर लावली. त्यामागे सगळ्या आकड्यांचा एकच तक्ता, मग मूळ रिपोर्ट, सगळ्या पानांवर क्रमांक. तक्त्यात एक टर्म खाली गेलेली होती, तीही तशीच ठेवली. बाईंना ती काढायची होती. मूळ रिपोर्ट मागेच जोडलेला असताना तक्त्यातून एक आकडा गायब झालेला कुणाच्याही लक्षात येईल, आणि मग उरलेल्या आकड्यांवरही शंका घेतली जाईल. ऑडिटमध्ये हेच तर बघतात.

इथवर वाचून वाटेल की सेवा टाकाऊ आहे. तसं अजिबात नाही, कारण सराव सुनावणी फार चांगली झाली.

बाई निवृत्त शिक्षिका आहेत आणि स्वतः बरीच वर्षं अपील पॅनेलवर बसलेल्या आहेत. व्हिडिओ कॉलवर त्या एकदम बदलल्या. गोड बोलणं संपलं. ‘१०९ वाली मुलगी १११ वाल्या मुलीच्या बरोबरीची आहे असं तुम्ही कशावरून म्हणता?’ मी म्हटलं, ती खूप मेहनती आहे. त्यांनी मध्येच थांबवलं. ‘आज माझ्यासमोर येणाऱ्या प्रत्येकाचं मूल मेहनती आहे. मला पान सांगा.’ मग मी पान सांगायला शिकले. पान दोन, गणिताचा रकाना, सलग तीन टर्म. ह्यांचं उत्तर लांबलं की त्या घड्याळ दाखवायच्या. ट्यूशन होती का, किती महिने, तरीही कमी का पडले, असं विचारलं. दिलेली शाळा तुम्ही जाऊन पाहिली का, असंही विचारलं. पाहिली होती, आणि हे उत्तर फार महत्त्वाचं ठरलं. दिलेल्या शाळेबद्दल वाईट बोलायचं नाही, कारण पॅनेलवर त्या भागातल्या शाळांची माणसं असू शकतात आणि त्यांना त्या शाळा तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतात. आणि सगळ्यात बोचरा प्रश्न: ‘जर्मन शनिवारच्या शाळेत शिकता येईल. मग ही शाळाच कशाला?’ त्या प्रश्नावर आम्ही दोघं गप्प झालो. हाच प्रश्न पुढे प्रत्यक्ष सुनावणीत आला.

सुनावणी दोन भागांत झाली. त्याच शाळेसाठी अपील केलेले सगळे पालक पहिल्या भागाला एकत्र होते, व्हिडिओवर. २०२२ च्या नियमांप्रमाणे सुनावणी समोरासमोर, व्हिडिओवर किंवा दोन्ही मिळून घेता येते. पॅनेलमध्ये किमान तीन माणसं असतात, त्यात एक तरी शिक्षणक्षेत्राबाहेरची आणि एक तरी शिक्षणाचा अनुभव असलेली. त्यातलं कुणी शाळेचं नसतं. क्लार्कही स्वतंत्र असतो आणि प्रक्रियेची कुठलीही शंका त्याला विचारता येते. आमच्या क्लार्कनं प्रत्येक ईमेलला नीट उत्तर दिलं. तारखांबद्दल मी बाईंना विचारायचे ते निम्मं त्यालाच विचारता आलं असतं, म्हणून तुम्हाला सांगते, आधी क्लार्कला विचारा.

या पहिल्या भागात शाळेचा प्रतिनिधी सांगतो की आणखी मुलं का घेता येत नाहीत. सायन्स लॅबमध्ये किती बाकं, जेवणाच्या हॉलमध्ये किती पाळ्या, जिन्यात गर्दी किती. बरेच पालक इथे गप्प बसतात, कारण त्यांना आपल्या मुलाबद्दल बोलायचं असतं. पण प्रश्न विचारायची हीच जागा आहे. मी विचारलं, गेल्या काही वर्षांत मंजूर संख्येपेक्षा जास्त मुलं कधी घेतली का? एका वर्षी सहा जास्त होती. त्या तुकडीचं शिक्षणात काही नुकसान झाल्याची नोंद आहे का? प्रतिनिधीनं कागद चाळले, म्हणाले, तशी वेगळी नोंद नाही. पॅनेलच्या अध्यक्षांनी ते लिहून घेतलं. हा प्रश्न बाईंनी सराव करताना दिलेला होता. साडेतीनशे पौंडांतले बरेचसे मला तिथे वसूल झाल्यासारखे वाटले.

दुसरा भाग फक्त आमचा. मुलं सहसा नसतात, आम्हीही लेकीला शाळेत पाठवलं होतं. पॅनेलची माणसं सभ्य होती, त्यांनी आमचे कागद खरोखर वाचलेले होते. वर्गशिक्षिकेच्या चिठ्ठीतलं वाक्य एका सदस्यानं स्वतःहून वाचून दाखवलं, तेव्हा ह्यांचा आवाज जड झाला. खाली गेलेल्या टर्मबद्दल विचारलं, मी सांगितलं, की तेव्हा अपूर्णांक नवीन होते आणि पुढच्याच टर्मला ती सावरली, पान तीन. मग शनिवारच्या जर्मन शाळेचा प्रश्न. आम्ही म्हटलं, पाठवू, पण आठवड्यातून एक दिवस आणि रोजच्या वेळापत्रकातला विषय यात फरक आहे. खरं होतं तेवढंच सांगितलं.

निर्णयाचं पत्र वेळेत आलं. पॅनेलनं मान्य केलं की मुलगी आवश्यक शैक्षणिक दर्जाची आहे. पण जागांच्या बाबतीत शाळेचं म्हणणं आमच्या कारणापेक्षा जड ठरलं, म्हणून अपील नामंजूर. दोन्ही गोष्टी कारणांसह स्पष्ट लिहिल्या होत्या. अपील मंजूर झालं असतं तर शाळेला तिला घ्यावंच लागलं असतं, पॅनेलचा निर्णय शाळेवर बंधनकारक असतो. नामंजूर झाल्यावर त्याच वर्षी त्याच शाळेसाठी परत अपील करता येत नाही, परिस्थितीत मोठा बदल झाला असेल तरच. प्रक्रियेत गफलत झाली असेल तर तक्रार करता येते. आमच्या बाबतीत तसं काही नव्हतं, आम्ही तो विषय तिथे संपवला.

पत्राचा पहिला परिच्छेद मी लेकीला मुद्दाम वाचून दाखवला. बाहेरच्या तीन माणसांनी तिचं सगळं काम बघून ती त्या दर्जाची आहे असं लिहून दिलं, हे तिला कळावं असं मला फार वाटत होतं. तिनं ते दोनदा वाचायला लावलं. आता ती दिलेल्या शाळेत जाते, गणिताच्या वरच्या सेटमध्ये (पातळीनुसार केलेल्या गटात) आहे आणि शनिवारी जर्मन शाळा असते.

निकाल विरुद्ध गेला म्हणून मी तारे कापलेले नाहीत. कापले ते साच्यातल्या पत्रासाठी, आजीच्या डोळ्यांसाठी आणि त्या बुद्ध्यांक चाचणीच्या आग्रहासाठी. पॅकेजमधलं ‘कागद तपासणं’ म्हणजे दोन ओळींचा ईमेल होता, तेही लक्षात असू द्या.

ज्यांना इंग्रजीत दबावाखाली बोलायची सवय नाही, ज्यांच्या घरात एकजण सुनावणीच्या विचारानं झोपत नाही, त्यांनी सराव सुनावणी जरूर घ्यावी. ज्यांना कागद लावता येतात आणि नियम वाचायची तयारी आहे, त्यांना बाकीच्या पॅकेजची गरज नाही. अपीलला फी नसते, वकीलही लागत नाही, सोबत मित्र किंवा नातेवाईक नेता येतो. फक्त सराव सुनावणी वेगळी मिळते का असं विचारून बघा. यादीत लिहिलेलं नसतं, पण माझ्या एका मैत्रिणीला याच बाईंनी शंभर पौंडांत करून दिली. वेळ मात्र मार्चमध्येच ठरवून ठेवा. सुनावण्या उन्हाळ्याच्या टर्ममध्ये एकदम येतात आणि मे महिन्यात त्यांच्याकडे एकही संध्याकाळ मोकळी नसते.